वाचक विचारतात : उजेडाने घट्ट होणारं इपॉक्सी आणि कण टिपणारी जाळी

मागच्या अंकात कणशोधकांवर लिहिताना मी ओझरतं 'एसयू-8' या प्रकाशसंवेदी इपॉक्सीचं नाव घेतलं होतं. केसापेक्षा बारीक खांब या पदार्थाचे उभे करतात आणि त्यांच्यावर धातूची जाळी तोलून धरतात, एवढंच लिहिलं होतं. पत्रं आली ती बहुतेक त्या एकाच ओळीवर, आणि मला त्याचा फार आनंद झाला. माझी उमेदीची वर्षं लिथोग्राफीच्या, म्हणजे उजेडाने बारीक नक्षी उमटवण्याच्या खोलीत, पिवळ्या दिव्यांखाली, याच चिकट द्रावाशी झटण्यात गेली. आता फोंड्याला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. कणशोधकाविषयी बोलताना जो तो वायूबद्दल, व्होल्टेजबद्दल, चिपबद्दल बोलतो. पण जो पदार्थ स्वतः काहीच टिपत नाही, नुसता उभा राहतो, त्याच्यावर शोधकाचं सगळं बरंवाईट ठरतं. म्हणून या महिन्याचं सदर त्याचंच.

ताई, माझं टी-शर्टांवर छपाईचं काम आहे. आम्ही फ्रेमच्या जाळीवर इमल्शन ओढतो, सुकल्यावर फिल्म ठेवून लाइट देतो, मग पाण्याने धुतो. उजेड लागलेलं राहतं, फिल्मच्या काळ्या भागाखालचं निघून जातं. तुम्ही लिहिलंय ते हेच ना? मग त्यात वेगळं काय?
— एक वाचक, म्हापसा

तत्त्व अगदी हेच. तुमच्या हाताला जे रोज कळतं, ते फळ्यावर समजावताना मला बराच खडू झिजवावा लागतो. तुमच्या फिल्मच्या जागी आमच्याकडे काचेवर क्रोमने काढलेला मास्क असतो आणि कापडी जाळीच्या जागी सिलिकॉनची आरशासारखी चकती, म्हणजे वेफर. उजेड लागलेला भाग मागे राहतो म्हणून अशा रेझिस्टला, म्हणजे प्रकाशसंवेदी थराला, निगेटिव्ह म्हणतात. तुमचं इमल्शनही निगेटिव्हच आहे.

वेगळेपण आहे ते जाडीत. नेहमीची चिप बनवताना रेझिस्टचा थर साधारण एक मायक्रॉनचा किंवा त्याहून पातळ असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एसयू-8 एका दमात 50, 100, अगदी 200 मायक्रॉन जाडीचा लावता येतो, आणि इतक्या जाड थरातही कडा उभ्या, सरळ राहतात. रुंदीच्या वीसपट उंच भिंत यात उभी राहू शकते. याचं कारण म्हणजे 365 नॅनोमीटरच्या अतिनील उजेडाला हा पदार्थ जवळपास पारदर्शक आहे. उजेड वरच्या कातडीतच न अडकता तळापर्यंत पोचतो आणि वर-खाली सारखंच काम होतं. तरंगलांबी 350 च्या खाली गेली की मात्र वरचा थरच उजेड गिळायला लागतो, खांबाचा माथा गरजेपेक्षा जास्त घट्ट होतो, पसरतो, आणि खांब इंग्रजी टी अक्षरासारखा दिसायला लागतो. म्हणून दिव्यापुढे फिल्टर लावून तो भाग कापून टाकायचा. हा फिल्टर स्वस्त नाही. तरी पैसे कमी असले तर दुसरं काहीही कमी करा, फिल्टर नको, असं मी प्रत्येकाला सांगत आले आहे.

आयबीएमच्या संशोधकांनी हे मिश्रण 1980 च्या दशकात तयार केलं, त्याचं अमेरिकन पेटंट 1989 चं. मूळ रेझिन शेल केमिकलचं. त्याआधी इतक्या उंच, इतक्या सरळ भिंती हव्या असल्या तर जर्मनीत कार्ल्सरुहेला विकसित झालेल्या 'लिगा' पद्धतीने जावं लागे, आणि तिला सिंक्रोट्रॉन या अवाढव्य कणत्वरकातले क्ष-किरण लागत. सिंक्रोट्रॉन दारात असलेल्या प्रयोगशाळा जगात कितीशा? एसयू-8 आल्यावर साध्या पाऱ्याच्या दिव्यावर काम भागलं. क्ष-किरणांइतकी रेखीवता येत नाही, पण आपल्या कामाला ती पुरून उरते.

आमचा फायबरच्या होड्या दुरुस्त करण्याचा धंदा. इपॉक्सीत हार्डनर मिसळला की घाई सुरू होते. डब्यात उरलेलं तापून धूर सोडतं आणि दगड होतं. तुमच्या इपॉक्सीत हार्डनर कुठे आहे? बाटलीतच कसं घट्ट होत नाही?
— एक वाचक, बेती

भाऊ, तुमचा प्रश्न नेमका मर्मावर आहे. तुमचा हार्डनर बहुधा अमाइन जातीचा. तो रेझिनच्या रेणूंना एकमेकांशी बांधतो आणि बांधताना स्वतःही त्या जाळ्यात कायमचा अडकतो. म्हणून तर प्रमाण चुकलं की काम बिघडतं, कमी पडला तर चिकट राहतं, जास्त झाला तर ठिसूळ होतं.

आमच्या बाटलीत तीन गोष्टी असतात : रेझिन, द्रावक आणि थोडंसं एक सल्फोनियम क्षार. रेझिनच्या एका रेणूला सरासरी आठ इपॉक्सी गट असतात, म्हणजे बांधून घ्यायला आठ हात. तो क्षार अंधारात गप्प बसलेला असतो. अतिनील उजेड पडला की तुटतो आणि तुटताना अतिशय तीव्र आम्ल सोडतो. ते आम्ल इपॉक्सीचं कडं उघडतं, उघडलेलं टोक शेजारच्या रेणूचं कडं उघडतं, ते त्याच्या शेजारचं. आम्ल यात खर्च होत नाही, ते उत्प्रेरक आहे. त्यामुळे उजेडाने जन्मलेला आम्लाचा एकेक रेणू कितीतरी बंध घडवून आणतो, आणि क्षार थोडासाच असला तरी चालतो.

तरीही उजेड दिल्या दिल्या काही घट्ट होत नाही. द्रावक उडून गेल्यावर रेझिन खोलीच्या तापमानाला काचेसारखं कडक असतं, साधारण 55 अंशांच्या वर ते मऊ व्हायला लागतं. कडक रेझिनमध्ये आम्ल जागचं हलू शकत नाही. म्हणून उजेड दिल्यावर वेफर 95 अंशांच्या हॉटप्लेटवर ठेवायची. रेणू सैल होतात, आम्ल सरकतं, बंध जुळत जातात. बंध वाढतील तसा मऊ होण्याचा तो टप्पाही वर सरकतो आणि शेवटी 200 अंशांच्या पुढे जातो. तुमचं घड्याळ मिसळल्या क्षणी सुरू होतं, आमचं दिवा लागल्यावर. अंधाऱ्या, थंड जागी बाटली वर्षभर सहज राहते.

डब्यातल्यासारखं तापत का नाही, तर थर इतका पातळ असतो की निघालेली उष्णता लगेच खालच्या सिलिकॉनमध्ये उतरते.

एक लक्षात ठेवायचं. एकदा पूर्ण बांधलं गेलेलं एसयू-8 कुठल्याही साध्या द्रावकात विरघळत नाही. चकतीवर चुकीच्या जागी खांब उभा राहिला तर तो पुसून टाकता येत नाही.

टीचर, मी बारावी सायन्सला आहे. खांब कणाला अडवत नाहीत का? आणि एवढी बारीक जाळी खांबांवर बसवतात तरी कशी, चिमट्याने धरून?
— एक विद्यार्थिनी, सांखळी

दोन्ही प्रश्न छान आहेत, आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला या सगळ्या तंत्रातलं सर्वांत सुंदर वाटतं, म्हणून तिथे जरा रेंगाळणार आहे.

आधी कण. विद्युतभारित वेगवान कण वायूतून गेला की वाटेतल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवत जातो. नेहमीच्या दाबाच्या आर्गॉनमध्ये एका सेंटिमीटरच्या वाटेवर सुमारे शंभर इलेक्ट्रॉन सुटतात. शंभर इलेक्ट्रॉन म्हणजे इतका थोडा विद्युतभार की साध्या परिपथाला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यांचे हजारो करायला हवेत. त्यासाठी त्यांना अतितीव्र विद्युतक्षेत्रात ढकलतात. तिथे वेग घेतलेला इलेक्ट्रॉन दुसऱ्याला उडवतो, दोघांचे चार, चारांचे आठ, असा लोंढा होतो.

हे क्षेत्र निर्माण करायला पूर्वी बारीक तारा ताणत. जॉर्ज शार्पाक यांनी 1968 मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत अनेक तारांची पेटी बनवली, 1992 चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. पण तारा मिलिमीटरपेक्षा फार जवळ आणता येत नाहीत, एकमेकींना ढकलतात. 1988 मध्ये आंतोन ओएड यांनी तारांऐवजी काचेवर लिथोग्राफीने धातूच्या पट्ट्या काढल्या, आणि तिथून चिप बनवण्याची विद्या कणशोधकांत शिरली. 1996 मध्ये यानिस जोमातारिस, शार्पाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मायक्रोमेगास' आणलं : खाली पट्ट्या, वर पन्नास-शंभर मायक्रॉनांवर धातूची जाळी, मध्ये वायू. पुढच्याच वर्षी फाबिओ साउली यांचं 'जेम' आलं, त्याबद्दल खाली.

आता जाळी आणि तळ यांत 50 मायक्रॉनांचं अंतर आणि 400 व्होल्ट दिले, तर क्षेत्र किती? तुझ्या पुस्तकातलं सूत्र वापर : 80 हजार व्होल्ट प्रति सेंटिमीटर. इलेक्ट्रॉन जाळीच्या भोकातून आत शिरला की त्या 50 मायक्रॉनांतच त्याचे काही हजार होतात. जाळी सगळीकडे सारख्या उंचीवर हवी, आणि ती तोलून धरणारा पदार्थ वीज मुळीच न सोडणारा हवा. इथे खांब येतात.

या 50 मायक्रॉनांत आणखी एक गंमत दडलेली आहे. व्होल्ट तेच ठेवून अंतर जरा कमी झालं तर क्षेत्र वाढतं, पण लोंढ्याला वाढायला जागा कमी मिळते. अंतर वाढलं तर उलट. नेहमीच्या दाबाच्या वायूत काही दहा मायक्रॉनांच्या अंतराला हे दोन परिणाम एकमेकांना जवळजवळ सावरून घेतात, त्यामुळे खांबांच्या उंचीत थोडा फरक पडला तरी लोंढा फारसा बदलत नाही. निसर्गाने दिलेली ही मोठी सवलत आहे. पण ती थोड्या फरकापुरतीच, खांब वाकडा असला तर नाही.

खांब कणाला अडवतात का? कणाला नाही, तो आरपार जातो. खांब जिथे उभा आहे तेवढ्या जागेवरचे इलेक्ट्रॉन हुकतात. नेदरलँड्समधल्या निकेफ या कणभौतिकी संस्थेने आणि ट्वेंटे विद्यापीठाने या शतकाच्या पहिल्या दशकात 'इनग्रिड' नावाचा शोधक केला, त्यात यावर नामी तोड आहे. खाली 'टाइमपिक्स' चिप असते, 256 गुणिले 256 पिक्सेल, प्रत्येक पिक्सेल 55 मायक्रॉनांचा. जाळीचं प्रत्येक भोक एकेका पिक्सेलच्या बरोबर वर आणतात, आणि खांब भोकांच्या मधल्या कोपऱ्यांत उभे करतात. खांबाचा व्यास सुमारे 30 मायक्रॉन, तुझ्या केसाच्या साधारण निम्मा. त्या कोपऱ्यात इलेक्ट्रॉन तसाही फारसा येत नाही.

आणि आता जाळी. चिमट्याने धरून बसवत नाहीत, ती तिथेच घडवतात. चिपवर एसयू-8 चा 50 मायक्रॉनांचा थर पसरायचा. मास्कमधून फक्त खांबांच्या जागी उजेड द्यायचा. तापवायचं. या घडीला खांब आत तयार झालेले असतात, पण भोवतीचं कच्चं रेझिन तसंच भरलेलं आहे, वरून पृष्ठभाग सपाट. इथे नेहमीची माणसं धुवायला घेतील. आपण धुवायचं नाही. त्या सपाट पृष्ठभागावर ॲल्युमिनियमचा सुमारे एक मायक्रॉनचा थर चढवायचा. त्यावर दुसरा साधा रेझिस्ट लावून भोकांची नक्षी काढायची आणि रसायनाने ॲल्युमिनियमला भोकं पाडायची. मग सगळ्यात शेवटी डेव्हलपरमध्ये, म्हणजे धुण्याच्या द्रावकात, बुडवायचं. डेव्हलपर त्या भोकांतून आत शिरतो, कच्चं रेझिन विरघळवतो, भोकांतूनच बाहेर आणतो. उरते ती खांबांवर तोललेली, एक मायक्रॉन जाडीची जाळी. जे कच्चं रेझिन एरवी पहिल्याच धुण्यात गेलं असतं, तेच शेवटपर्यंत जाळीला आधार देतं.

यात जोखीमही आहे. ॲल्युमिनियम चढवताना प्लाझ्मा, म्हणजे विजेने चमकणारा वायू, पेटलेला असतो आणि प्लाझ्मातून अतिनील उजेड निघतो. तो कच्च्या रेझिनवर पडला तर वरची कातडी घट्ट होते आणि मग ती धुतली जात नाही. म्हणून तो थर जपून, थोडा थोडा, थंड ठेवत चढवतात. एकदा ॲल्युमिनियम पुरेसं बसलं की पुढच्या उजेडापासून तेच खालच्या रेझिनला झाकतं.

अशा शोधकात एकेक इलेक्ट्रॉन वेगळा मोजता येतो. लोह-55 या किरणोत्सारी स्रोतातून 5.9 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे क्ष-किरण येतात. आर्गॉनमध्ये अशा एका किरणाने सुमारे 220 इलेक्ट्रॉन सुटतात, आणि पडद्यावर साधारण तितकेच ठिपके उमटतात. सूर्याकडून येऊ शकणाऱ्या, अजून न सापडलेल्या ॲक्सिऑन कणांच्या शोधात सर्नच्या 'कास्ट' दुर्बिणीवर इनग्रिड लावला होता.

मॅडम, एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी आम्ही 50 मायक्रॉनांचे एसयू-8 खांब करतोय. खांब उभे राहतात, पण थराला जाळीदार भेगा पडतात आणि कडेचे खांब धुताना निघून येतात. जुलैत तर एकही वेफर नीट आली नाही.
— दोन विद्यार्थी, ताळगाव

तुम्ही काय क्रमाने करता ते पत्रात लिहिलंत, ते बरं झालं. उजेड दिल्यावर वेफर सरळ 95 अंशांवर ठेवता आणि झाल्यावर उचलून स्टीलच्या टेबलावर ठेवता. भेगा तिथेच जन्मतात.

हिशेब करून पाहा. एसयू-8 दर अंशाला 52 दशलक्षांश प्रसरण पावतं, सिलिकॉन फक्त 2.6. थर 95 अंशांवर बांधला गेला आणि 25 वर आला, म्हणजे 70 अंशांचा उतार. दहा सेंटिमीटरच्या वेफरवर एसयू-8 ला 0.36 मिलिमीटर आकसायचं असतं, सिलिकॉन आकसतं जेमतेम 0.02. एसयू-8 ला आकसता येत नाही, तो ताणलेल्याच अवस्थेत राहतो. ताण जिथे जास्त, तिथे भेग. धरण जिथे कमी, तिथे उचकटणं. एकदम थंड केलंत तर त्या ताणाला सैल व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून 65 अंशांवर एक-दोन मिनिटं, मग 95 वर सहा-सात मिनिटं, आणि मग हॉटप्लेट बंद करून वेफर तिच्यावरच हळूहळू निवू द्या. घाई नको. मास्कमध्येही बघा : मोठे अखंड चौकोन असतील तर ते खंडित करा, टोकदार कोपरे गोल करा. तुटक नक्षीत ताण साठत नाही.

हॉटप्लेटवर ठेवल्यावर डोळे लावून बसा. 95 अंशांवर गेल्यापासून पाच ते पंधरा सेकंदांत थरात मास्कची नक्षी पुसटशी दिसायला लागली पाहिजे. तिरप्या उजेडात खांबांच्या कडा अगदी फिकट उमटतात. ती दिसलीच नाही तर उजेड कमी पडलाय किंवा प्लेट खरोखर 95 वर नाही, आणि पुढे डेव्हलपरमध्ये घालून उपयोग नाही. तुमचे कडेचे खांब निघतात त्याचंही कारण मला उजेडच वाटतं. 50 मायक्रॉनांना फिल्टरशिवाय साधारण 150 ते 215 मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर लागतात, फिल्टर लावला की वाढवावे लागतात. तुमच्या दिव्याची तीव्रता मधोमध मोजलीत की कडेलाही? कडेला ती कमी असते. वरचा भाग बांधला जातो, तळाला उजेड पुरत नाही, आणि खांब पायातून सुटतो. शिवाय कडेला द्रावाची वळी जमते, ती पुसली नाहीत तर मास्क थराला टेकत नाही आणि मध्ये हवेची फट राहते.

पहिलं तापवणं, म्हणजे द्रावक उडवणं, हॉटप्लेटवरच करा, ओव्हनमध्ये नको. ओव्हनमध्ये वरून कातडी धरते आणि आतला द्रावक कोंडतो. प्लेटवर उष्णता खालून येते, द्रावक वाट काढत वर जातो. झालं की नाही हे बघायची जुनी रीत : वेफर निववून पुन्हा प्लेटवर ठेवा. पृष्ठभागाला सुरकुत्या आल्या तर अजून वेळ द्या.

डेव्हलपरमधून काढल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल शिंपडा. दुधासारखा पांढरा ओघळ दिसला तर कच्चं रेझिन अजून शिल्लक आहे, परत डेव्हलपरमध्ये.

आता जुलै. ही आपल्या गोव्याची गोष्ट आहे आणि मुंबई-बंगळुरूच्या कुठल्याही पाककृतीत ती लिहिलेली सापडणार नाही. पावसात आपल्याकडे भिंतींना ओल येते, मीठ सुटतं, तिथे सिलिकॉनवर पाण्याचा अदृश्य थर धरणारच. वेफरवर नैसर्गिक ऑक्साइड असतं, त्याला पाणी प्रिय. त्या थरावर लावलेलं इपॉक्सी सिलिकॉनला धरत नाही, पाण्याला धरतं. द्राव लावण्याआधी वेफर 200 अंशांवर पाच-दहा मिनिटं तापवा, आणि निवली की लगेच लावा; जेवून येऊन नव्हे. आम्लाने चालणारी ही बांधणी पाण्यामुळे मंदही होते, तेव्हा खोलीत डिह्युमिडिफायर लावा आणि आर्द्रतेचा आकडा प्रत्येक वेफरच्या नोंदीत लिहा. तुमच्या नोंदीत तापमान आहे, आर्द्रता नाही. आणि त्याच खोलीत अमोनियाची बाटली उघडत असाल तर ती बाहेर न्या, आम्लारीच्या वाफा हे आम्ल खाऊन टाकतात.

माझी मुलगी अशा प्रयोगशाळेत काम शिकते. हे रसायन किती घातक आहे?
— एक पालक, काणकोण

काळजी योग्य आहे, घाबरू नका. बांधलं गेलेलं एसयू-8 निरुपद्रवी असतं. कच्चं रेझिन त्वचेला लागत राहिलं तर काहींना कायमची ॲलर्जी जडते, म्हणून नायट्राइलचे हातमोजे, आणि डाग पडला की लगेच नवे. द्रावकाच्या वाफा ज्वलनशील, तेव्हा काम धुराड्याखालीच करायचं. क्षारात अँटिमनी असतं, म्हणून उरलेला द्राव आणि वापरलेला डेव्हलपर वेगळ्या कॅनमध्ये साठवून रीतसर विल्हेवाटीला द्यायचा, बेसिनमध्ये कदापि ओतायचा नाही. दिव्याकडे चष्म्याविना पाहायचं नाही. प्रयोगशाळेत यांतलं काही पाळलं जात नसेल तर तिने तोंड उघडून विचारावं, तो तिचा हक्क आहे.

मी जहाजबांधणीतला निवृत्त अभियंता. इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं, भुसभुशीत होतं, हे आयुष्यभर पाहिलं. कणांच्या सततच्या माऱ्यात तुमचे खांब किती काळ टिकतील? आणि मोठ्या शोधकांत हेच वापरतात का?
— एक वाचक, वास्को

एसयू-8 मध्ये बेंझीनची कडी भरपूर आहेत आणि जाळं दाट आहे, त्यामुळे किरणांचा मारा ते चांगलं सोसतं. माझी चिंता वेगळी आहे. खांबात द्रावकाचा अंश राहिला तर तो वर्षानुवर्षं वायूत झिरपतो, लोंढ्यात त्याचे रेणू तुटतात आणि जाळीवर, पिक्सेलवर चिकट थर बनून बसतात. तारांच्या जुन्या पेट्या अशाच म्हाताऱ्या झाल्या. म्हणून शेवटी 150 ते 200 अंशांवर पुन्हा भाजून घ्यायचं.

दुसरी चिंता ठिणगीची. एका लोंढ्यात इलेक्ट्रॉनांची संख्या काही कोटींच्या पुढे गेली की ठिणगी पडते. पाच दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचा अल्फा कण थांबताना दोन लाखांच्या आसपास इलेक्ट्रॉन सोडतो. त्याला काही हजारांनी गुणा, मर्यादा ओलांडलीच. एका ठिणगीने टाइमपिक्सचे पिक्सेल कायमचे जळतात, म्हणून इनग्रिडमध्ये चिपवर आधी सिलिकॉन नायट्राइडचा काही मायक्रॉनांचा रोधक थर देतात. खांबाचं स्वतःचं काम मात्र चोख आहे : एसयू-8 मायक्रॉनमागे शंभराहून अधिक व्होल्ट सोसतं, आणि आपण लावतो आठ.

मोठ्या शोधकांत एसयू-8 नसतं, ते चिपच्या आकाराच्या कामाचं. तिथे शेकडो चौरस मीटर झाकायचे असतात, तेव्हा प्रकाशसंवेदी फिल्मच तापत्या रुळांखालून पाटीवर चिकटवतात आणि तिच्यातून खांब कोरतात. सर्नच्या ॲटलास प्रयोगातल्या मायक्रोमेगासचे 128 मायक्रॉन उंचीचे खांब असेच केलेले आहेत. साउलींच्या जेममध्ये तर खांबच नाहीत : 'कॅप्टॉन' या प्लास्टिकची 50 मायक्रॉनांची फिल्म, दोन्ही बाजूंनी तांबं, आणि 140 मायक्रॉनांवर एक अशी 70 मायक्रॉनांची भोकं. सीएमएस प्रयोगात बसवलेल्या पहिल्या 144 जेम पेट्यांच्या कामात भारतीय संस्थाही होत्या.

एसयू-8 चा आणखी एक उपयोग तुम्हाला आवडेल, कारण त्यात पाइपलाइन आहे. सर्न आणि लोझानच्या संस्थेने सिलिकॉनवर एसयू-8 च्या सुमारे 200 मायक्रॉन खोल नाल्या उभ्या केल्या, भिंतींना धातूचा मुलामा दिला आणि आत चमकणारा द्रव खेळवला. कण गेला की द्रव चमकतो, उजेड नालीच्या टोकाला पोचतो. माऱ्याने द्रव निकामी झाला की नवा सोडायचा.

गोव्यात राहून या कामात पडायचं तर कुठून सुरुवात करावी? आमच्या कॉलेजात साधं स्पिनरही नाही.
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, केपे

स्पिनर, म्हणजे वेफर गरगर फिरवून द्राव सारखा पसरवणारं यंत्र, नाही म्हणून थांबू नकोस. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या स्वच्छ खोल्या बाहेरच्या विद्यार्थ्यांना उघड्या आहेत, केंद्र सरकारच्या आयएनयूपी या कार्यक्रमातून. आधी शिकवतात, मग तुझ्या कल्पनेचा प्रस्ताव मान्य झाला तर तिथल्या यंत्रांवर काम करू देतात. तुझ्या प्राध्यापकांना घेऊन अर्ज कर.

जाण्याआधीचं काम मात्र केप्यात बसूनच करायचं आहे. केलेआउट हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उतरवून घे आणि मास्क रेखाट. पहिल्याच मास्कमध्ये पूर्ण शोधक काढू नकोस. 20, 30, 40 आणि 50 मायक्रॉन व्यासाच्या खांबांच्या रांगा काढ, दोन खांबांतलं अंतर रांगेगणिक बदलत ने, आणि तोच संच वेफरच्या मध्यभागी आणि चारी कडांना पुन्हा ठेव, म्हणजे उजेड कुठे कमी पडतो ते एका धुण्यात कळेल. जुळणीच्या खुणा विसरू नकोस, पुढच्या थराला त्या लागतील.

आणि किरणोत्सारी स्रोताची परवानगी मिळेपर्यंत वाट बघायची गरज नाही. समुद्रसपाटीला दर मिनिटाला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ असलेला कण, आकाशातून येतो. दोन चौरस सेंटिमीटरचा शोधक टेबलावर आडवा ठेवलास तर मिनिटाला दोन मिळतील, फक्त त्यांची वेळ टिपायला त्याच्या वर आणि खाली, कण गेला की चमकणाऱ्या प्लास्टिकची एकेक पट्टी लागेल. ती कशी जोडायची ते मला कॉलेजच्या पत्त्यावर विचार. रेखाटन सोबत पाठव, तपासून देईन.